शेवटची गाडी सव्वापाचची

जून उजाडला, की आमच्या ढेबेवाडी खोऱ्यात दोनच गोष्टींची घाई असते. एक पेरणीची आणि दुसरी कॉलेजची. पेरणीची घाई साऱ्या गावाला दिसते. कॉलेजची घाई मात्र दोघींनाच कळते, जाणाऱ्या पोरीला आणि तिच्या आईला! मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज वाडीतून कराडला जाऊन-येऊन शिकते. "कॉलेजच्या पोरींना काय, गाडीत बसायचं न् यायचं," असं वाडीतल्या काक्या-मावश्या म्हणतात. म्हणूनच सत्र सुरू झाल्यावरचा माझा एक दिवस तुम्हाला सांगावासा वाटतोय.

दिवस सुरू होतो पहाटे साडेचारला. आई म्हशीच्या धारेला जाते, मी पाणी भरते. मग आई भाकरी थापते, मी भाजी फोडणीला टाकते. आजीचा चहा, धाकट्या भावाचा डबा, माझा डबा. वडील नवी मुंबईत मार्केटला माथाडी कामगार. आमच्या खोऱ्यात हे नवं नाही. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील इथल्याच मंद्रुळकोळ्याचे. त्यामुळे घर सांभाळायला आम्ही तिघी बायका. मी सहाला बाहेर पडले, की उरलेलं सगळं आईच्या अंगावर. तिनं एकदाही "आज राहू दे कॉलेज" म्हटलेलं नाही, हे मात्र सांगायलाच हवं.

सहाला वाडीतून पहिली गाडी सुटते. तिला आम्ही मुक्कामाची गाडी म्हणतो. आदल्या दिवशी सव्वापाचला कराडहून निघते, अंधार पडायच्या सुमाराला वाडीत येते, रात्रभर थांबते आणि पहाटे परत जाते. तीच आमची पहिली गाडी आणि तीच शेवटची. ढेबेवाडीपर्यंत पुढंही गाड्या असतात, पण तिथून आमची वाडी पाच किलोमीटर वर. रस्ता झाडीतला. वरच्या अंगाला सगळा सह्याद्रीचा जंगलपट्टा, बिबट्या दिसल्याची बातमी महिन्या-दोन महिन्यांनी येतेच. आजीचं म्हणणं ठरलेलं, "शीक बाई किती बी, पण दिवस मावळला की घरात दिसली पायजेस." तिचंही काही चुकत नाही.

तळमावल्यात गाडी भरते. कोळं, विंग येईपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. सुरुवातीचे दिवस, त्यामुळे प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. मार्कलिस्ट, आधार, उत्पन्नाचा दाखला, फोटो, सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. गाडीत गप्पाही त्याच. "तुझा दाखला आला का?" "नॉन क्रिमीलेयरची मुदत संपलीय गं माझी!" "पास झाला का?"

पासाचं काम आता सोपं झालंय. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना एसटीचा पास मोफत असतो. सीनियर कॉलेजला आम्हाला तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत महिन्याचा पास मिळतो. पूर्वी त्यासाठी स्टँडवर रांग लावायला लागायची. २०२४ च्या जूनपासून शाळा-कॉलेजातच पास देण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून तो अर्धा दिवस वाचला. आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी आईसुद्धा माझ्याबरोबर कराडला आली होती. कॉलेज कसलं असतं ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या शेजारी फार्मसीची एक मुलगी बसते. तिच्याकडून एक गोष्ट कळली. पुष्कळ आयांचा समज आहे, की आता मुलींना सगळं कॉलेज फुकट. तसं नाहीये. २०२४-२५ पासूनची ती योजना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत हवं, प्रवेश शासनाच्या प्रवेश फेरीतून झालेला हवा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी त्यात माफ होते. पुस्तकं, हॉस्टेल, प्रवास हा खर्च आपला आपल्यालाच. फॉर्म भरण्याआधी हे घरात बोलून घेतलेलं बरं, नाहीतर ऐन वेळी सगळ्यांचीच तारांबळ उडते.

साडेसातला कराड. स्टँडपासून कॉलेजपर्यंत पावसात चालत. गेल्याबरोबर नोटीस बोर्ड! सगळा वर्ग बोर्डाला चिकटलेला. वेळापत्रक लागलं होतं आणि त्याच्या शेजारी प्रॅक्टिकलच्या बॅचची यादी. मी माझा रोल नंबर शोधला. बॅच सी. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी पावणेतीन ते साडेपाच.

पोटात गोळाच आला माझ्या. साडेपाचला प्रॅक्टिकल सुटणार आणि सव्वापाचला गाडी सुटणार!

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सांगते. माझ्याच बेंचवर बसणारी, वरच्या वाडीतली माझी एक मैत्रीण होती. हुशार. पहिल्या सत्रात सगळ्या विषयांत पास झाली. दुसऱ्या सत्रात तिला अशीच दुपारची बॅच आली. थंडीचे दिवस, सहाला अंधार. दोनदा ती ढेबेवाडीपर्यंत मागच्या गाडीनं आली आणि तिथून पुढं कुणाची तरी मोटारसायकल मिळेपर्यंत थांबली. तिचेही वडील मुंबईला. तिसऱ्या वेळी वाडीत चर्चा सुरू झाली. मग ती प्रॅक्टिकलच बुडवायला लागली. मॅडमना सांगायला लाजायची, घरी सांगायला भ्यायची. शेवटी चुलते म्हणाले, "बास झालं आता." झालं, कॉलेज संपलं. तिला नापास कुणी केलं नव्हतं. तिचं शिक्षण पंधरा मिनिटांपायी थांबलं.

ते सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. पण समोर दिवस होता. आठला पहिला तास. सरांनी नव्या पद्धतीचं सगळं पुन्हा समजावून दिलं. आमच्यासारख्या विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजांना नवं शैक्षणिक धोरण २०२४ च्या जूनपासून लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह... गेल्या वर्षी हे शब्द ऐकून आम्ही एकमेकींची तोंडं बघत होतो. यंदा जरा कळायला लागलंय. मेजर म्हणजे आपला मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा एखादा. मार्कांबरोबर आता क्रेडिट मोजायचे. वर्गातल्या शिकवण्याचे साधारण पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे तीस तास म्हणजे एक. म्हणजे प्रॅक्टिकल बुडलं की क्रेडिट बुडायला लागलं!

दोन तासांनंतर ऑफिस. शिष्यवृत्तीच्या अर्जाचं महाडीबीटीवर नूतनीकरण करायचं होतं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यावरच येतात, म्हणून आधी बँकेत जाऊन जोडणी तपासून आले. मग पुन्हा झेरॉक्स, पुन्हा रांग. लायब्ररीत पुस्तकं लवकर संपतात म्हणून मध्येच तिकडं पळाले आणि केमिस्ट्रीचं एक जुनं पुस्तक पदरात पाडून घेतलं. डबा खाल्ला तेव्हा दीड वाजला होता. भाकरी गार, पण आईच्या शेंगदाण्याच्या चटणीनं जीव थाऱ्यावर आला.

जेवता जेवता ठरवलं, आज मॅडमशी बोलायचंच. एका कागदावर अर्ज लिहिला. त्यात गाडीची वेळ, वाडीचं ढेबेवाडीपासूनचं अंतर आणि मला कोणती बॅच चालेल ते स्पष्ट लिहिलं. सकाळची बॅच सव्वाआठ ते अकरा होती, बुधवार-शुक्रवारी. माझी गाडी साडेसातला पोचते, म्हणजे मला अगदी जमण्यासारखी.

मॅडमनी अर्ज वाचला. म्हणाल्या, "बॅच भरलीय गं. टेबलं तेवढीच आहेत. पण त्या बॅचमधली कुणी दुपारी यायला तयार असेल, तर मला काही हरकत नाही. बघ विचारून."

आता कुणाला विचारायचं? मी सरळ वर्गात जाऊन सगळ्यांसमोर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच! "सकाळची बॅच कुणाला अडचणीची आहे का?" असं मोठ्यानं विचारलं. क्षणभर कुणीच बोलेना. मग मागच्या बाकावरची कराडमधलीच एक मुलगी उठली. तिची आई डबे करून देते आणि सकाळी डबे पोचवायचं काम हिच्याकडं. सव्वाआठची बॅच आली म्हणून ती बिचारी सकाळपासून रडवेली झाली होती. मला तिची जागा हवी होती, तिला माझी!

दोघींनी मिळून मॅडमकडं अर्ज दिला, दोघींच्या सह्या घेतल्या. मॅडमनी यादीत लाल पेनानं फेरबदल केला आणि म्हणाल्या, "बाहेरगावाहून येणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या गाडीच्या वेळा उद्या मला लिहून द्या. पहिल्या आठवड्यात बदलता येतं. नंतर जर्नल आणि हजेरी सुरू झाली, की अवघड जातं." दुसऱ्या दिवशी सहा मुलींनी वेळा दिल्या. मॅडमनी आमच्या सहाजणींची मिळून सोय बघायचं कबूल केलंय.

पाच वाजता स्टँडवर होते. गाडीत बसल्यावर त्या मैत्रिणीला फोन लावला. तिला आजच ऐकलेली एक गोष्ट सांगायची होती. २०२१ पासून आपल्याकडं क्रेडिटची बँक सुरू झालीय. प्रत्येक विद्यार्थ्याचं तिथं स्वतःचं खातं असतं. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट त्यात जमा होतात आणि साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात. म्हणजे तिचं पहिलं सत्र वाया गेलेलं नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "सकाळची बॅच मिळंल का गं मला?" मी म्हटलं, "विचारू की! मॅडम काय खातायत होय?" घरचे तयार होतील का, ते माहीत नाही. रविवारी मी आणि आई तिच्या घरी जाणार आहोत. आईनंच सुचवलं. म्हणाली, "बायकांचं बायकांनी बोललेलं बरं असतं."

आमच्या कराडजवळच्या काले गावात १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. मुलांच्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. शिकण्यासाठी केवढं मोठं काही द्यायला लागायचं तेव्हा! आज आम्हा मुलींना बऱ्याचदा फार मोठं काही नको असतं. कुठं पंधरा मिनिटं हवी असतात, कुठं एक दाखला, कुठं मॅडमशी बोलायचं धाडस.

म्हणून काक्या-मावश्यांनो, सत्राच्या पहिल्या आठवड्यात लेकीला नुसतं "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नका. "प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं आणि गाडी किती वाजता सुटते?" हेही विचारा. दोन वेळा जुळत नसतील, तर तिला अर्ज लिहायला लावा. वाटलं तर अर्ध्या तिकिटात तिच्याबरोबर एकदा कॉलेजात जाऊन या. आणि मैत्रिणींनो, तुम्हीही लाजू नका. आपल्यासारखीच अडचण असलेली दुसरी कुणीतरी वर्गात मागच्या बाकावर बसलेली असते. आपण विचारल्याशिवाय तिलाही बोलायला सुचत नाही.