सिनेटच्या पायऱ्यांवरची मुले
(द्वितीय वर्ष, कला)

राज्यशास्त्राच्या तासाला अमेरिकेची काँग्रेस शिकवताना सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला : 'पेज'. आम्हा बहुतेकांना पुस्तकाचे पानच आठवले. सर हसून म्हणाले, "अरे, पान नव्हे. सिनेटमध्ये शिपायाची कामे करणारी शाळकरी मुले!" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. माझे वडील तालुक्याच्या एका कचेरीत शिपाई आहेत. म्हणून या मुलांविषयी मिळेल ते वाचून काढले. त्याचे सार वाचकांपुढे ठेवीत आहे.

सिनेट हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह. ५० राज्यांचे प्रत्येकी २ असे त्याचे १०० सभासद, आणि त्यांच्या दिमतीला सुमारे ३० पेज. ही मुले-मुली सोळा-सतरा वर्षांची, म्हणजे आपल्याकडच्या अकरावीतली असतात. प्रत्येकाला कोणा तरी सिनेटरची शिफारस लागते. मुक्काम वसतिगृहात. सकाळी सव्वासहाला त्यांची शाळा भरते आणि त्यानंतर सभागृहाचे काम. अंगात गडद निळा कोट, पांढरा सदरा आणि टाय. अध्यक्षांच्या आसनापुढील पायऱ्यांवर बसायचे, खूण होताच उठायचे. विधेयकांचे व दुरुस्त्यांचे कागद टेबलापर्यंत पोचवणे, बोलायला उभ्या राहिलेल्या सभासदाला पाण्याचा पेला देणे, निरोप नेणे ही त्यांची कामे. या कामाचे वेतन मिळते. वादविवादात मात्र त्यांनी एक शब्दही बोलायचा नसतो.

ही प्रथा जुनी आहे. १८२९ साली ग्राफ्टन हॅन्सन हा नऊ वर्षांचा मुलगा सिनेटचा पहिला पेज झाला. त्या काळी पुष्कळदा अनाथ किंवा विधवांची मुले या कामावर घेतली जात. त्यांच्या पगारावर घर चाले. १८३१ साली बारा वर्षांचा आयझॅक बॅसेट आला. त्याचे वडील सिनेटमध्येच निरोप्या होते, म्हणजे आपल्या भाषेत शिपाईच! हा मुलगा पुढे सिनेटचा साहाय्यक द्वारपाल झाला आणि १८९५ साली मरेपर्यंत, चौसष्ट वर्षे, तेथेच राबला. १८६१ साली यादवी युद्धाच्या वेळी सिनेटमध्ये उतरलेले उत्तरेचे सैनिक जेफरसन डेव्हिस यांचे टेबल संगिनींनी फोडू लागले. डेव्हिस सिनेट सोडून दक्षिणेला मिळाले होते, याचा तो राग. बॅसेटने सैनिकांना थांबवले. टेबल डेव्हिसचे नाही, सरकारचे आहे, आणि ते राखायला तुम्ही आला आहात, असे त्याने सुनावले.

आता दुसरे उदाहरण पाहा. जॉन डिंगेल हे कनिष्ठ सभागृहात म्हणजे प्रतिनिधिगृहात पेज होते. ८ डिसेंबर १९४१ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जपानविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी केली, तेव्हा ते सभागृहात हजर होते. १९५५ साली ते त्याच सभागृहाचे सभासद झाले आणि एकोणसाठ वर्षे राहिले. इतका काळ काँग्रेसमध्ये दुसरे कोणी बसलेले नाही. पण त्यांचे वडीलही सभासदच होते.

दोघेही बुद्धिमान, दोघेही निष्ठावान. निरोप्याचा मुलगा दारापर्यंत पोचला, सभासदाचा मुलगा आसनापर्यंत. फरक कर्तृत्वाचा होता, असे मला वाटत नाही.

पायऱ्यांवर कोणी बसावे हेही फार काळ ठरलेलेच होते. सिनेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय पेज आला तो १९६५ साली. मुलींना हे काम झेपेल का, त्यांच्या सुरक्षिततेचे काय, अशा शंका निघाल्या आणि १९७१ साली मुली येईपर्यंत पहिल्या पेजला १४२ वर्षे उलटून गेली होती. दार उघडले, पण पुष्कळ उशिरा.

२०११ साली प्रतिनिधिगृहाने आपली पेज-पद्धत बंद केली. संगणकामुळे निरोप न्यायला माणूस लागेना, आणि वर्षाला पन्नास लाख डॉलरहून अधिक खर्च होत होता. सिनेटने मात्र ती चालू ठेवली. केवळ कागद पोचवायचे असते, तर यंत्राने भागले असते. पण कायदा कसा घडतो, हे त्या पायऱ्यांवर बसून मुलांना डोळ्यांनी दिसते. ते कोणत्याही यंत्रातून मिळत नाही.

माझ्या वडिलांनी बावीस वर्षे फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. पेज करतात तेच काम. पण पेजच्या कामाला शिक्षण म्हणतात, कारण त्या मुलांसाठी सव्वासहाची शाळा आहे. वडिलांना ती मिळाली नाही. फाईलमध्ये काय आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही कधी विचारले नाही. मी हा लेख त्यांना वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उद्या तुझा तास किती वाजता आहे?"