फोटोत नसणारा माणूस

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. कामे अंगावर घेतल्याशिवाय ती किती अवघड आहेत हे कळत नाही, हा तिचा मथितार्थ. या म्हणीला मी एक पुरवणी जोडू इच्छितो: लग्न पाहावे कॅमेऱ्यामागे उभे राहून. मांडवात जो तो कोणाचा तरी कोणी असतो. कोणी मामा, कोणी आत्या, कोणी करवली, कोणी व्याही. भटजी आणि आचारी सोडले, तर कोणाचाच कोणी नसलेला माणूस म्हणजे फोटोग्राफर. म्हणूनच की काय, सर्वांची नाती त्यालाच अधिक स्वच्छ दिसतात.

गेल्या दोन लग्नसरायांत मी आमच्या तालुक्याच्या गावातील एका वयस्क फोटोग्राफरांबरोबर दिव्याची छत्री धरण्याचे काम केले. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. फीची तेवढीच सोय झाली. सारा गाव त्यांना काका म्हणतो, मीही म्हणतो. त्यांच्यासोबत राहून जे कळले आणि पुढे ग्रंथालयात जे वाचले, ते येथे मांडतो.

प्रथम थोडा इतिहास. १८३८ साली लुई दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमधील एका हमरस्त्याचा फोटो वरच्या मजल्यावरून घेतला. त्या काळी एका फोटोला कित्येक मिनिटे लागत. रस्त्यावर वर्दळ होती. पण फोटोत तो जवळजवळ ओस दिसतो. जी माणसे आणि वाहने चालत होती, त्यांची नोंदच झाली नाही. एका कोपऱ्यात मात्र एक माणूस उमटला आहे. बूट पुसून घेण्यासाठी तो एका जागी थांबला होता. ज्यात माणूस दिसतो अशा जगातील सर्वांत जुन्या फोटोंत या चित्राची गणना होते. जो थांबला, तो उरला!

ही कला आपल्याकडे लवकरच आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी. परंतु साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या दिवाणखान्यातून कॅमेरा कुणब्याच्या मांडवात यायला पुष्कळ काळ जावा लागला.

मांडवातले हे काम वाटते तितके सोपे नाही. काकांनी धंदा सुरू केला तेव्हा त्यांच्याजवळ यॅशिका कॅमेरा होता. त्यात १२० नंबरचा रोल बसे आणि एका रोलवर बारा फोटो निघत. पुढे ३५ मिलिमीटरचा रोल आला, त्यावर छत्तीस. फोटो मोजूनमापून काढावे लागत. त्यात खरी कसोटी अंतरपाटाची. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात. तो क्षण एक-दोन सेकंदांचा. फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा भरायला काही सेकंद लागत, म्हणजे संधी एकच. म्हणून काकांचे डोळे नवरानवरीवर असत आणि कान भटजींच्या सुरावर. आता कॅमेऱ्यात हजारो फोटो मावतात, तरी त्यांची ती सवय मोडलेली नाही.

तथापि काकांच्या मते लग्नातील सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा फोटो हा नव्हे. तो म्हणजे ग्रुप फोटो. आपण तरुण मंडळी त्याला कंटाळतो. ऊन डोक्यावर, पोटात भूक, आणि फोटोग्राफर म्हणतो, 'जरा सरका, मागचे दिसत नाहीत.' यामागे शास्त्र आहे. दुपारच्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, म्हणून माणसे भिंतीच्या नाहीतर मांडवाच्या सावलीत घ्यावी लागतात. मुले खाली बसवायची, वडीलधारी खुर्च्यांवर, बाकीचे मागे उभे. भिंगाचे तोंड जितके लहान ठेवावे, तितक्या पुढच्या आणि मागच्या रांगा सारख्या स्पष्ट येतात; पण मग प्रकाश कमी शिरतो आणि फोटोला वेळ अधिक लागतो. एवढा वेळ तीस माणसांनी न हलता राहायचे असते.

एकदा सर्व मंडळी उभी असताना काकांनी मला ओसरीवरच्या एका म्हातारीला घेऊन यायला सांगितले. ती येईना, 'माझं काय काम' म्हणून हात हलवू लागली. नवरदेवाचे मित्र चुळबूळ करू लागले. काका मला हळूच म्हणाले, "अरे, नवरानवरीचे फोटो पुढेही निघतील. तिचा हा शेवटचा असायचा. खुर्चीवर नीट बसव तिला."

मित्रहो, हे वाक्य कठोर वाटेल, पण त्यात अनुभव आहे. खेड्यापाड्यांतून घरात कोणी वारले की दहाव्या-बाराव्याच्या आधी नातेवाईक फोटोग्राफरकडे येतात. हार घालायला फोटो हवा असतो आणि गेलेल्या माणसाचा वेगळा फोटो कधी काढलेलाच नसतो. मग कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप शोधला जातो आणि त्यातला एक चेहरा मोठा केला जातो. तीस माणसांच्या ग्रुपमध्ये निगेटिव्हवर एकेक चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. एन्लार्जरखाली तोच वीतभर करायचा. मूळ फोटोत जो हलला, त्याचा पुढे नुसता धूसर ठिपका होतो. लग्नाच्या आनंदात हे कोणी बोलत नाही, बोलूही नये. पण फोटोग्राफरने ते ध्यानात ठेवावे लागते.

माझ्या आजीचा आमच्या घरात असलेला एकमेव फोटो असाच आहे. १९८८ साली आत्याचे लग्न झाले. चार वर्षांनी आजी गेली. मी तिला पाहिलेले नाही. त्या वेळच्या फोटोग्राफरने निगेटिव्ह जपून ठेवली होती, म्हणून दुसऱ्या रांगेतली आजी आमच्या भिंतीवर आली. तिच्या खांद्यावर कोणा बाईचा हात आहे. तो कापायचा तर आजीचा खांदाच कापावा लागला असता, म्हणून तसाच राहिला. वडील म्हणतात तो शेजारणीचा, आत्या म्हणते मावशीचा. त्या मूळ फोटोच्या मागे कोणी नावे लिहिली असती, तर हा वाद उरला नसता.

दुसऱ्यांची माणसे अशी जपणाऱ्या फोटोग्राफरला स्वतःच्या माणसांसाठी वेळ मिळतो का? तुळशीचे लग्न लागले की त्याची भ्रमंती सुरू होते, ती आषाढात चातुर्मास लागेपर्यंत. कधी वऱ्हाडाच्या टेम्पोत, कधी पहाटेच्या एसटीत. पाहुण्यांच्या गर्दीत जेवण शेवटच्या पंगतीला. काकांना चार तालुक्यांतील गावे तेथल्या लग्नांवरून आठवतात. पण मुलीचा वाढदिवस वैशाखात, आणि त्या दिवशी ते घरी असल्याचे त्यांना आठवत नाही. त्यांच्या कपाटात हजारो निगेटिव्ह आहेत. त्यांत ते स्वतः क्वचितच दिसतात.

या बाबतीत दादासाहेब फाळके यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करीत. प्लेगच्या साथीत तेथे त्यांची पत्नी व मूल दगावले आणि त्यांनी ते गाव सोडले. पुढे त्यांनी घरच्यांना आपल्या कामातच ओढून घेतले. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीने फिल्मचे काम करीत. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, तर 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. त्या चित्रपटाचा बराच भाग आजही उपलब्ध आहे. शंभर वर्षे उलटली, तरी बापाने टिपलेले लेकीचे बालपण आपण पाहू शकतो.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फोटो उदंड झाले, पण कागदावर उतरतात थोडेच. फोन बिघडला की वर्षे पुसली जातात. आणि त्या फोटोंत बहुधा आपण आणि आपले मित्रच असतो. ओसरीवरची माणसे ओसरीवरच राहतात. तेव्हा या सुट्टीत घरी लग्नकार्य असेल, तर इतके करावे. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून पुढे आणावे. एक तरी फोटो कागदावर छापून घ्यावा आणि त्याच्या मागे पेन्सिलीने नावे व साल लिहावे. शेवटी फोटोग्राफरलाही दोन मिनिटे पुढे बोलवावे आणि मंडळींत उभे करावे. तेवढ्यापुरता कॅमेरा कोणीही धरू शकेल.