प्रवेशाची तयारी दिवाळीपासून

महाविद्यालयातील प्रवेश केवळ गुणांवर ठरतो, असा आपल्याकडे समज आहे. कला शाखेत मात्र बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी गुणांपेक्षा दाखल्यांपायी अडलेला मी अधिक पाहिला. आमच्यासारख्यांच्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नसते. मग सांगणार कोण? म्हणून ही थोडी माहिती.

सर्वांत जास्त वेळ जातीच्या दाखल्याला लागतो. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात सापडतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर तहसील कार्यालयात गावचे जुने कोतवाल बुक पाहावे. हा शोध दिवाळीतच सुरू करावा. नाव किंवा जन्मतारीख चुकली असल्यास शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यावर ते काम फार जड जाते.

उत्पन्नाच्या दाखल्याचे उलट आहे. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणून तो एप्रिलमध्ये नवा काढावा. फीची सवलत त्यावरच मिळते. ठरलेल्या मुदतीत दाखला देणे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने बंधनकारक आहे. अर्जाची पोच तेवढी जपून ठेवावी.

मुलाचे वर्ष हुकले तर तो पुढल्या वर्षी येतो. मुलीचे हुकले तर घरात स्थळे पाहणे सुरू होते. मित्रहो, येत्या दिवाळीत गावी गेल्यावर बारावीतल्या एका तरी मुलीचे कागद आपण तपासून द्यावेत.