जुन्या मोटारसायकलीचे अस्सल भाग

जुन्या पोथीची शुद्ध प्रत सिद्ध करणाऱ्या संशोधकाला जो प्रश्न पडतो, तोच जुनी मोटारसायकल पूर्ववत करू पाहणाऱ्यालाही पडतो. मूळचे कोणते आणि मागाहून घुसडलेले, प्रक्षिप्त, कोणते? बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याची ‘बी ३१’ ही गाडी उदाहरणादाखल घेऊ. ३४८ घन सेंटिमीटरची ही गाडी १९४५ ते १९५९ या काळात निघाली.

विकणारा प्रथम छाती फुगवून सांगतो की, इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक एकच आहे. घेणारा भुलतो आणि जास्त पैसे मोजतो. वस्तुतः या गाडीवर कारखान्यातच दोन निराळे क्रमांक पडत. तेव्हा ते तंतोतंत जुळले, तर आनंदापेक्षा संशय यावा! क्रमांकाआधीची अक्षरे मात्र बोलकी असतात. इंजिनावर ‘झेड बी’ असेल, तर ते १९४९ च्या आधीचे नव्हे.

खरी साक्ष देतात ते ल्यूकस कंपनीचे विजेचे भाग. मॅग्नेटो, डायनामो, रेग्युलेटर यांच्यावर महिना व वर्ष ठोकलेले असते. ‘३ ५३’ म्हणजे मार्च १९५३. गाडी त्याच उन्हाळ्यात बाहेर पडली असेल, तर मेळ बसतो. १९५१ ची असेल, तर तो भाग उघडच नंतरचा. अर्थात, पंचवीस वर्षे त्याच गाडीवर इमानाने राबलेला बदली भाग केवळ तारखेपायी फेकून द्यावा, असे मला वाटत नाही.

कार्ब्युरेटर तर डोळ्यांनीच ओळखता येतो. १९५५ च्या गाड्यांपासून ॲमलचा ‘मोनोब्लॉक’ आला. त्यात पेट्रोलच्या तरंगीची वाटी मुख्य अंगातच ओतलेली असते. आधीच्यात ती वेगळी, बाजूला जोडलेली.

बोल्टांकडे कोणी पाहत नाही, आणि घात तेथेच होतो. पुष्कळ ठिकाणी इंचाला २६ बारीक आटे असतात. मिस्त्री मेट्रिक बोल्ट रेटून बसवतो, आटे झिजतात, आणि तो धावत्या गाडीत सुटतो. मूळ बोल्टांवर कॅडमियमचा मंद करडा मुलामा असे. आज त्यांवर चकचकीत क्रोम चढवतात. दिसते छान, पण ते खोटे.

म्हणून सांगाडा रंगाऱ्याकडे देण्यापूर्वी प्रत्येक क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उतरवून घ्यावा. पॉलिश पेपरने एकदा तो पुसला गेला की पुन्हा वाचता येत नाही.