१८९९ सालची घंटा

एक गंमत करून पाहा. शाळेच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस असेल तर त्यात एक लहानसा तक्ता तयार करा. त्यात ‘तारीख-वेळ’ या प्रकारचा एक रकाना ठेवा आणि शाळेच्या पहिल्या घंटेची वेळ, समजा सकाळचे ११, एवढीच लिहा. तारीख लिहू नका. आता त्या रकान्याचे स्वरूप बदलून तारीख आणि वेळ दोन्ही दाखवायला सांगा. उत्तर येईल : ३० डिसेंबर १८९९, सकाळी ११!

त्या दिवशी तुमच्या शाळेत घंटा वाजली की नाही, हे संगणकाला कसे कळणार? मग ही तारीख आली कोठून?

ॲक्सेसच्या पोटात तारीख ही दिवसांची संख्या म्हणून साठवलेली असते. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे १७३९४. त्याच दिवशीचे सकाळचे ६ म्हणजे १७३९४.२५, कारण पाव दिवस उलटला. तुम्ही तारीखच दिली नाहीत, म्हणून पूर्णांकाच्या जागी शून्य बसले. आणि शून्य क्रमांकाचा दिवस आहे ३० डिसेंबर १८९९.

मोजपट्टीचे शून्य कोठे धरायचे हे आपल्या हाती असते, हे तुम्ही तापमापीत पाहिले आहेच. तरीही मनात येते, की १ जानेवारी १९०० ला १ म्हणायचे आणि आदल्या दिवसाला, म्हणजे ३१ डिसेंबरला, शून्य. ३० कशाला?

याचे उत्तर ॲक्सेसमध्ये सापडत नाही. त्यासाठी १९८३ साली अमेरिकेत निघालेल्या लोटस १-२-३ या आज्ञावलीपर्यंत मागे जावे लागते. तिने १ जानेवारी १९०० ला १ हा क्रमांक दिला. मात्र १९०० हे लीप वर्ष धरले. तुम्हाला नियम ठाऊक आहे : शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष. म्हणजे २००० होते, १९०० नव्हते. पुढे मायक्रोसॉफ्टने एक्सेल काढले, तेव्हा लोटसमधले तक्ते त्यात जसेच्या तसे उघडावेत म्हणून तो न झालेला दिवसही ठेवला. एक्सेलमध्ये ६० म्हणजे आजही २९ फेब्रुवारी १९००!

ॲक्सेस १९९२ साली आले. त्यात दिनदर्शिका बरोबर आहे, पण आकडे एक्सेलशी जुळायला हवे होते. तो जादा दिवस भरून काढायला शून्य एक दिवस मागे सरकवले. त्यामुळे १ मार्च १९०० हा दोन्हीकडे ६१ वा दिवस ठरतो आणि तेथून पुढे सगळे जुळते.

आता असे समजा, की ही हकिगत कोणीच लिहून ठेवली नाही. एखाद्या प्रामाणिक, हुशार माणसाला ३० डिसेंबर ही चूक वाटेल. तो शून्य ३१ वर आणील, आणि साठवलेली प्रत्येक तारीख एक दिवस पुढे सरकेल. तुमची जन्मतारीखसुद्धा.

असा घोटाळा मी स्वतः करून ठेवला होता. आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे डेडस्टॉक रजिस्टर मी ॲक्सेसमध्ये उतरवले. जुन्या उपकरणांची बिले हरवलेली. आणि खरेदीच्या तारखेचा रकाना रिकामा ठेवता येणार नाही, अशी अट मीच घातलेली! म्हणून तारीख माहीत नसेल तेथे १ जानेवारी १९५० लिहायचे ठरवले. हे कोठे टिपले? माझ्या डायरीच्या मागच्या पानावर. काही वर्षांनी निकामी वस्तूंची यादी करताना एका सहकाऱ्याने सर्वांत जुनी उपकरणे वर आणली. पहिल्याच पानावर एक उत्तम चालणारा पितळी स्पेक्ट्रोमीटर भंगारात निघाला होता. त्याचा बिचाऱ्याचा दोष काय, तर त्याचे बिल सापडत नव्हते. प्रयोगशाळा परिचराच्या लक्षात आले म्हणून तो वाचला.

स्क्रू गेज मिटवल्यावरही काटा शून्यावर येत नसेल, तर तो दोष निरीक्षणांच्या तक्त्याशेजारीच लिहा, असे मी मुलांना दरवर्षी बजावतो. तेच मी येथे केले नव्हते.

तक्त्यांवर आधारलेल्या माहितीसंग्रहाची कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. १९८५ साली त्यांनी जे नियम सांगितले त्यांतले दोन माझ्या कामाचे होते. एक, ‘माहीत नाही’ ही गोष्ट शून्याहून आणि कोणत्याही खऱ्या किमतीहून वेगळी साठवता आली पाहिजे. दुसरा, संग्रहाचे वर्णन संग्रहातच, तक्त्यांच्याच रूपात असावे. ॲक्सेस असे वर्णन छुप्या तक्त्यांत ठेवते. कोणता रकाना, कोणत्या प्रकारचा, हे त्यात असते. का, हे मात्र ज्याने ठरवले त्यालाच लिहावे लागते.

त्यासाठी जागा आहे. तक्त्याची रचना उघडलीत की रकान्याचे नाव आणि प्रकार यांच्या शेजारी ‘डिस्क्रिप्शन’ हा तिसरा स्तंभ दिसतो. (लिबरऑफिस बेस या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीतही तो आहे.) ॲक्सेसमध्ये तेथे २५५ अक्षरे मावतात, आणि माहिती भरणारा त्या रकान्यात आला की ती पडद्याच्या तळाशी दिसतात. तेथे ‘खरेदीची तारीख’ असे लिहून काही साधत नाही. ते नावातच आहे. मी आता लिहिले आहे : ‘बिलावरची तारीख, वस्तू पोचल्याची नव्हे. बिल नसल्यास रिकामा ठेवावा.’ अट अर्थातच काढून टाकली.

मोठ्या निर्णयांना २५५ अक्षरे पुरत नाहीत. त्यांच्यासाठी मी त्याच फाइलमध्ये ‘निर्णय’ नावाचा तक्ता केला : दिनांक, काय ठरवले, का, कोणता पर्याय सोडला, कोणी ठरवले. एक नोंद सांगतो. एकदम घेतलेल्या १० व्होल्टमीटरांना आम्ही १० ओळी दिल्या. एकच ओळ आणि ‘नग १०’ हा पर्याय सोपा होता. पण मग त्यांतला कोणता दुरुस्तीला गेला हे सांगता येत नाही. ‘सोडलेला पर्याय’ हा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो नसला की नवा माणूस तोच पर्याय नव्याने शोधून काढतो! आणि फाइलची नक्कल कोणी पेनड्राइव्हवर नेली तरी हा तक्ता तिच्याबरोबर जातो. माझी डायरी कपाटातच राहिली होती.

जाता जाता एक प्रश्न. एक्सेलच्या एका घरात ४५ लिहून त्याचे स्वरूप तारखेचे केले, तर १४ फेब्रुवारी १९०० दिसते. ॲक्सेस त्याच ४५ ला कोणती तारीख म्हणेल? आधी कागदावर मांडा, मग संगणकावर ताडून पाहा.