मेथ्या किती?

डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव आणि आसपासच्या गावांत, माणसांच्या डोक्याला आधी खाज सुटली आणि मग दोन-चार दिवसांतच केस मुठीने हातात येऊ लागले. भाग पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्याचा, म्हणून पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासलेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम भलतंच जास्त निघालं. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही ते वाढलेलं होतं, तर जस्त कमी पडलेलं. सेलेनियम हे काही मुळात विष नव्हे. शरीराला ते लागतं, पण मायक्रोग्रॅममध्ये. केस गळाले की मेथ्या वाटून डोक्याला लावा, हा सल्ला आपल्याकडे कुणीही देतो. केस उगवतील असा भक्कम पुरावा त्या लेपामागे नाही. आणि दोष ताटातल्या गव्हाचा असेल, तर टाळूवरच्या लेपाने तो जाणारही नाही. या प्रकरणातून मेथ्यांच्या बाबतीत उचलण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे: गुण आहे की नाही हे नंतर, आधी प्रमाण किती?

गुण आहेत, यात शंका नाही. मेथी कुळाने हरभऱ्या-तुरीची भावंड, म्हणून दाण्यात प्रथिनं भरपूर, शंभर ग्रॅमला 23 ग्रॅमच्या आसपास. अमेरिकी पोषणतक्ते त्याच शंभर ग्रॅममध्ये सुमारे 33 मिलिग्रॅम लोह दाखवतात, आणि मग ‘मेथ्या खा, रक्त वाढेल’ असं सरसकट छापून येतं. पण शंभर ग्रॅम मेथ्या खातो कोण? एका चहाच्या चमच्यात पावणेचार ग्रॅम दाणे मावतात, म्हणजे लोह सव्वा मिलिग्रॅम. तेही वनस्पतीतलं, शरीरात कमी मुरणारं. भारतीय स्त्रीसाठीची शिफारस रोज 29 मिलिग्रॅमची. फोडणीतल्या चार दाण्यांवर तर हा हिशेब मांडूच नये. ते दाणे चवीसाठी आहेत, आणि चव हाही काही लहान गुण नाही.

मेथ्यांचं खरं बळ त्यांच्या चिकात आहे. मूठभर दाणे रात्री भिजत घाला. सकाळी ते फुगून दुप्पट झालेले असतात, बोटांत धरले तर बुळबुळतात. हा बुळबुळीतपणा गॅलॅक्टोमॅनन नावाच्या विरघळणाऱ्या तंतूचा. पोटात त्याचा दाट गर होतो, अन्न सावकाश पुढे सरकतं आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शर्मा आणि रघुराम यांनी 1990 साली मधुमेहींना चरबी काढलेली मेथीपूड जेवणातून रोज 100 ग्रॅम दिली, तेव्हा लघवीतून जाणारी साखर निम्म्याहून अधिक घटली. आक्षेप सरळ आहे: रुग्ण मोजकेच होते, दिवस दहाच, आणि शंभर ग्रॅम पूड रोज कुणाच्या घशाखाली उतरायची? आक्षेप बरोबरच आहे. म्हणून 2015 साली प्रसिद्ध झालेला दुसरा भारतीय अभ्यास अधिक कामाचा वाटतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 140 जणांपैकी एका गटाला तीन वर्षं जेवणाआधी पाच-पाच ग्रॅम पूड दिवसातून दोनदा दिली. न घेणाऱ्यांना मधुमेह होण्याची शक्यता चौपटीच्या आसपास भरली. एवढ्यावरून मेथीला औषध म्हणता येत नाही, डॉक्टरांची गोळी बंद करणं तर दूरच. पण दहा ग्रॅम हे माणसाला झेपेल असं प्रमाण आहे. भिजवलेलं नुसतं पाणी पिऊन दाणे फेकून देणाऱ्यांच्या मात्र पदरात चोथा म्हणजेच मुख्य ऐवज पडत नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू देतातच की. देतात, पण गणित करून पाहा. किलोभर कणीक, तेवढाच गूळ, पाऊण किलो तूप, वर खारीक-खोबरं-डिंक, आणि कडूपणा मोडावा म्हणून तुपात भिजवून ठेवलेली शंभर ग्रॅम मेथीपूड. यातून साठेक लाडू वळले, तर एका लाडवात मेथी दोन ग्रॅमही नाही. दहा ग्रॅमसाठी पाच-सहा लाडू खावे लागतील, आणि तेवढ्या गुळाने साखरेचं काय होईल ते सांगायला नको. लाडू वाईट असा याचा अर्थ नव्हे. थंडीत अंगावर पाजणाऱ्या बाईला लागणारी ताकद त्यात आहे. दूध वाढण्याबद्दलचे पुरावे तुटपुंजे आणि उलटसुलट आहेत, उष्मांकांबद्दल मात्र वाद नाही. फक्त तोच लाडू मधुमेही सासऱ्यांना ‘मेथीचाच आहे, चालतो’ म्हणून देऊ नये.

जास्तीचंही एक शास्त्र आहे. साखरेच्या गोळ्या चालू असताना मेथी वाढवली तर साखर बेताबाहेर उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी चमचे भरभरून खाऊ नये. शेंगदाणा किंवा हरभरा सोसत नसेल त्याला मेथीही कधी सोसत नाही. मोड आलेल्या मेथ्या तर शिजवूनच खाव्यात. 2011 साली जर्मनीत ई. कोलायची जी साथ उसळली, तिचा माग इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियाण्यापर्यंत लागला. हजारो आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. आपल्याकडची मोडाची मेथी कढईतून, तेल-हिंगाच्या फोडणीतून ताटात येते, हे बरंच आहे. राहता राहिला घामाला येणारा तो वास. तो सोटोलॉन नावाच्या द्रव्याचा. निरुपद्रवी आहे, आणि मेथ्या पोटात गेल्याची खूण त्याच्याइतकी पक्की दुसरी नाही.