सागरावरील सायंभोजन आणि आपला पोषाख

जेवणासाठीं वस्त्र बदलावयाचें ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाहीं. सणावारीं मुकटा नेसून पाटावर बसणाऱ्या आजोबांस त्याचें कारण कोणी विचारीत नसे. अन्नाविषयींचा व पंक्तीविषयींचा आदर वस्त्रानें व्यक्त व्हावा, हा त्यांतला एक भाव. पण पंक्तींत कोणीं बसावें आणि कोणीं बसूं नये, ही भिंतहि त्याच वस्त्रानें उभी केली होती, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. हे दोन्ही धागे ध्यानांत ठेवले, म्हणजे पाश्चात्य आगबोटींवरील सायंभोजनाच्या पोषाखाचा उलगडा सहज होतो.

विमानांचा काळ येण्यापूर्वीं अटलांटिक महासागर ओलांडण्यास आगबोटीवांचून गति नव्हती. कित्येक दिवस उतारूंस काम असें नसे. दिवस आणि रात्र यांना निराळेपण देणारा मोठा प्रसंग म्हणजे सायंकाळचें भोजन. त्यासाठीं पहिल्या वर्गांतील पुरुष काळें डिनर जॅकेट आणि स्त्रिया पायघोळ झगे घालीत. पहिल्या व शेवटच्या रात्रीं मात्र सूट असे; कारण पहिल्या रात्रीं पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्रीं त्या बांधून तयार असत! १९३५ सालीं पहिल्या सफरीस निघालेल्या 'नॉर्मंडी' या फ्रेंच आगबोटीवर पहिल्या वर्गाचें भोजनगृह ३०५ फूट लांब होतें. अशा दालनांत प्रवेश करणें म्हणजे शेंकडों डोळ्यांपुढें उभें राहणेंच होय. खालच्या वर्गांची भोजनगृहें अर्थातच वेगळीं असत. आदर आणि भिंत येथेंहि एकाच कापडांत विणलेलीं होतीं.

या भिंतीपुढें आपल्या माणसाची काय अवस्था होई, हें महात्मा गांधींनीं आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितलें आहे. १८८८ सालीं विलायतेस जातांना कांटे-चमचे वापरण्याच्या संकोचानें ते आपल्या खोलींतच जेवीत. बोटीवर त्यांनीं काळा पोषाख वापरला, आणि पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे किनाऱ्यावर उतरतांना शोभतील म्हणून राखून ठेवले. उतरून पाहतात तों सप्टेंबरअखेरच्या त्या थंडींत पांढरे कपडे घातलेले ते एकटेच! पुढें १९३१ सालीं गोलमेज परिषदेसाठीं 'राजपुताना' आगबोटीनें तेच गांधी पंचा व शाल या वेषांत निघाले, आणि त्याच वेषांत बकिंगहॅम राजवाड्यांत बादशहांना भेटले. समुद्र तोच, देशहि तोच. बदललें होतें तें स्वतःविषयींचें भान.

आज जलसफरी पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत, आणि मुलें परदेशीं स्थायिक झालेल्या घरांतून वडीलधाऱ्यांनाहि त्यांचें आमंत्रण येतें. बेत ठरला कीं पहिला वाद कपड्यांचा. मुलगा म्हणतो, बाबांना काळा कोट शिवूं या. बाबा म्हणतात, मग मला येणेंच नको. वास्तविक हा वाद निराधार आहे. 'नॉर्वेजियन' कंपनीनें २००० सालापासून भोजनाच्या पोषाखाचें बंधन पुष्कळ शिथिल केलें, व इतरांनींहि कमीअधिक प्रमाणांत तोच मार्ग धरला. जुनी प्रथा निष्ठेनें पाळणारी कंपनी म्हणजे 'क्युनार्ड'. तिच्या 'क्वीन मेरी २' या बोटीवर कांहीं ठराविक रात्रीं सायंकाळीं सहानंतर डिनर जॅकेट किंवा गडद सूट, गळ्याला बो किंवा टाय, आणि स्त्रियांस समारंभाचा वेष अपेक्षित असतो. ज्यांना हें नको, त्यांच्यासाठीं साध्या कपड्यांत जेवण्याची सोयहि बोटीवर असते. परंतु महत्त्वाची गोष्ट अशी कीं, समारंभास शोभणारा राष्ट्रीय पोषाखहि तेथें नियमानेंच मान्य आहे.

म्हणून आमची सूचना इतकीच. निघण्यापूर्वीं त्या त्या कंपनीचा नियम नीट वाचावा. ज्या वेषांत आपण घरच्या लग्नांत पाहुण्यांचें स्वागत करूं, तोच वेष पेटींत घालावा: आईंची पैठणी, बाबांचा बंद गळ्याचा कोट किंवा अचकन. उगाच भाड्याचा कोट घेऊन अवघडूं नये. तसेंच 'आम्ही सुटीवर आलों आहों' म्हणून चुरगळलेल्या सदऱ्यानें पंक्तीचा रसभंगहि करूं नये. यजमानाच्या रीतीचा मान राखणें हें सौजन्य आहे, आणि त्यासाठीं आपला वेष टाकण्याची गरज न वाटणें हा स्वाभिमान आहे. भिंत गेली आणि आदर राहिला, तर वस्त्र बदलून पानावर बसण्याची ती जुनी चाल घरींहि वाईट नाहीं आणि समुद्रावरहि नाहीं.